डाळीची गाडी कुठं उतरली

मी उंद्रीचा, गजानन म्हन्ते मले, घर भाजीपाल्यावाल्याचं, मायबापानं जलमभर वांगे अन् मेथी केली, भावानंही तेच धरलं, पन माह्यं मन वावरात कधी लागलंच नाई, रोडवरून ट्रक गेला की मी हातातला इळा तसाच धरून पाहात राहो. मंग चिखलीच्या एका शेठकडं ड्रायव्हर लागलो. तवा त्याची एकच गाडी होती अन् तिच्यावर मी. पुढं गाड्या वाढल्या, ड्रायव्हर वाढले, पन शेठ चारचौघात म्हने, गजानन म्हनजे माह्या घरचा मानूस. माह्या लग्नात त्यानं स्वतः पंगतीत वाढलं. काय सांगू तुमाले, असा मानूस होता तो.

पह्यले माल उतरवाचा म्हनजे हातात कागद राहे, समोर वळखीचा मुनीम राहे. मंग सगळं मोबाईलात आलं. कुठं भरायचं, कुठं उतरवायचं, रस्ता कोनता, सगळं अ‍ॅपच सांगे. माल घेनारा एक नंबर सांगते, तो आपन टाकला की हिरवी खून येते, झालं काम. मी शिकलो बाप्पा तेही.

त्या दिवशी तुरीच्या डाळीचे कट्टे भरले होते, नागपूरले जायाचं होतं. बाळापूर गेल्यावर मोबाईल वाजला, पाहतो तं उतरवाची जागाच बदलेल, अकोल्याच्या अंगाचं एक गोदाम दाखवून राह्यलं, अन् खाली शेठच्याच नंबरवरून मेसेज, पार्टी बदलली, इथं खाली कर. मले खटकलं. मी गाडी बाजूले घेतली अन् शेठले फोन लावला. हे ध्यानात ठेवा, मी फोन लावला होता. उचलला एका पोरानं, लय गोड बोले, म्हने मी शेठचा भाचा, मामा जेवाले बसले, हाव काका, पार्टी बदलली, करा खाली. आता नंबर शेठचा, मीच लावेल, मंग अजून कोनाले इचारू? गेलो. तठी हमाल तयार, चहा पाजला, नंबर सांगतला, हिरवी खून आली. मी परत निघालो, रस्त्यात ढाब्यावर पोटभर जेवलोही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन, काऊन बे, गाडी नागपूरले काऊन नाई पोचली? मी म्हनलं शेठ, तुमीच तं सांगतलं, खाली केली. तो हळूच म्हने, मी कवा सांगतलं?

पोलिसाईनं ठान्यात बसवलं मले. तुले किती भेटले, डाळ कोनाले इकली, तेच ते, तेच ते. शोभा, माही बायको, बाहीर बाकड्यावर बसेल, येनारे जानारे पाहून राह्यले तिच्याकडं. अकोल्याचं गोदाम उघडलं तं आत झाडून काढेल, एक दाना नाई. मंग सायबरच्या एक मॅडम आल्या, त्याईनं शेठचा मोबाईल तपासला. म्हने गाडीच्या दंडाचं चलन म्हनून एक फाईल आल्ती, ती तुमी उघडली, तवापासून तुमचे मेसेज चोराच्या हातात, तुमचं अ‍ॅप चोराच्या हातात, तुमाले येनारे फोनही तिकडंच वळवेल. या ड्रायव्हरनं फोन लावेल दिसते, याचा काही कसूर नाई. शेठ खाली मान घालून बसला, मंग पानी प्याले म्हनून उठून गेला.

बाहीर आल्यावर त्यानं माहे दोन्ही हात धरले. गजानन, म्हने, फाईल म्या उघडली हे बजारात बोलू नको, यापारी मले मालच देनार नाईत, एवढे ड्रायव्हर कुठं जातीन? मी म्हनलं बरं. तोंडातून निघूनच गेलं, हाताची पकड इतकी घट्ट होती त्याची.

मी चूप, शेठ चूप, तवा बजारानं काय समजाचं ते समजलं. त्याच दिवसापासून गाडीवर दुसरा ड्रायव्हर. अ‍ॅपवर माह्या नावापुढं लाल खून, दुसरा कोनी गाडी देत नाई. माल गेला तवा अ‍ॅपवर माह्यावर केलेल तक्रार शेठच्या नावानं आहे, त्यानंच मांगं घ्या लागते, अन् घेतली तं कारन सांगा लागते. दोनदा गेलो, म्हने थांब, जरा थंड होऊ दे. पोरीले पाहाले सुलतानपूरचे पावने आल्ते, त्याच्यातल्या एकानं चहा पेता पेता इचारलं, डाळीची गाडी गायब झाली ते तुमीच काय? पोरगी पोह्याच्या प्लेटा घेऊन दारातच उभी होती. पावन्याईचा निरोप काही आला नाई.

आता भावाचं ट्रॅक्टर चालवतो, त्याची भाजी बजारात नेऊन टाकतो. शेठच्या गाड्या रोडनं जातेत. त्याच्यासाठी माह्या तोंडून वाईट निघत नाई, त्याचे लेकरंबाळं खुशाल राहो.

हे शोभा मांगून म्हनून राह्यली, त्याचं नाव लिहा म्हन्ते. नका लिहू भाऊ, मी शब्द देल्ला आहे. माह्यं लिहा. पुरं लिहा, गावासकट.