पथकाच्या जागी

पूल कोसळून महिना झाला होता. मदतीच्या रांगेत माझ्यापुढे एक कुबडीवाला आणि इस्पितळाच्या चादरी नदीवर धुणाऱ्या बाई उभ्या होत्या.

“अर्जावर सही कर की. किती वेळा वाचशील?”

“मावशी, यात छापलंय, बचाव पथकानं मला दहा मिनिटांत नदीतून काढलं.”

“छापू दे. पाय तुझा मोडलाय, त्यांचा नाही.”

“पथक संध्याकाळी आलं. सकाळी तुम्ही चादरीला चादर बांधून ओढलंत.”

“त्या चादरी कुठायत? तीन कमी भरल्या म्हणून मी बोलणी खाल्ली.”

“घरी आहेत. गाठी सोडल्या नाहीत अजून.”

“अरे, एक टोक ओढलं की सुटते ती गाठ.”

“माहितीय. म्हणूनच कुणाला हात लावू देत नाही.”

“वेडाच आहेस.”

“पूल पक्का आहे, हेही याच कचेरीनं छापलं होतं मावशी. मी डोळे मिटून चढलो.”

“बरं, आता पेन घे.”

त्यानं काहीतरी खोडून वर लिहिलं आणि कागद खिडकीतल्या कारकुनाकडे सरकवला.

“अहो, हा बाद होईल. ‘चादरवाल्या मावशी’ असं कुठलं पथक नसतं.”

“पथक नव्हतंच साहेब. मावशी होत्या.”