खच्ची घोडा

मी अजून चाकणच्या कंपनीत टिकून आहे, तो आमच्या तुकारामभाऊंमुळे. त्या माणसाला तोड नाही राव!

झालं असं, की मशीनच्या नव्या सुरक्षा जाळीचं माझं ड्रॉइंग साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर हसण्यावारी नेलं. चहाला मी भाऊंना म्हणालो, "मला पार खच्ची केलं. उद्या राजीनामा देतो."

भाऊ लेथवर काम करतात आणि सुट्टीला बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडा पळवतात. त्यांनी विचारलं, "खच्ची म्हंजे काय, ठावं हाय का?"

"मनोबल तोडणं."

"ते पेपरातलं. शिफ्ट सुटली की घरी चल."

घरामागं एक तांबडा घोडा बांधलेला होता. भाऊ त्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "घोडी दिसली की नर घोडा उधळतो, म्हणून त्याचे आंड काढत्यात. त्याला म्हणायचं खच्ची. तुझा शब्द हितनं आलाय. ह्यो बी खच्ची हाय. पहिला मालक म्हणला, आता ह्यो कामातनं गेला. म्या आणला."

"पळतो?"

"बैलांच्या म्होरं सुटला की नजर ठरत न्हाई."

"पण भाऊ, सगळंच काढून घेतल्यावर..."

"सगळं कुठं? काढणाऱ्यानं काढायचं ते काढलं. पाय हायेत की जाग्यावर!"