कोरगावच्या उतारावरची कॉफी

माझं माहेर बांद्याकडचं आणि दिलं कोरगावात, पण काय सांगू तुम्हाला, संसार सुरू झाला तो घाटावर, चिकमगळूरच्या कॉफीमळ्यात, कारण आमचे हे लग्नाआधीपासून तिथं कामाला. थंडी कसली ती, दुपारपर्यंत धुकं, आणि त्या थंडीत कॉफीचं फळ सावकाश, अगदी सावकाश पिकायचं, आम्ही बाया लाल झालेलं तेवढंच खुडायचो. अरेबिका म्हणायचे तिला. चव किंचित आंबट, मागाहून गुळासारखी. ह्यांना तिचं वेडच.

गोवा राज्य झालं त्या सुमारास सासरे वारले, सासू एकटी पडली, म्हणून परत आलो. येताना ह्यांनी अरेबिकाची रोपं घेतली. मळ्यातला मुकादम म्हणाला, अरे, खाली उष्म्यात ही नको, रोबस्टा ने, ती दांडगी जात. हे म्हणाले, रोबस्टा कडू, ती माझ्या घराकडे नको.

आणि लावली कुठं, तर उतारावरचे काजू तोडून. सासू आडवी आली, झाडाला हात लावून उभी राहिली, तुझ्या बापाशीन लायलेली झाडां रे ही, कित्याक मारतंस? हे म्हणाले, आये, फळ येवंदे, मगे तूच सांगशीत. सासू त्या दिवशी जेवली नाही.

झाडं वाढली हो, पण कशी, उंच आणि हडकुळी. फुलली तेव्हा जाईसारखा वास वाड्यावरच्या घराघरांत पसरला, लोक बघायला आले. पण आमच्याकडचा उष्मा, फळ भराभरा लाल झालं आणि आत दाणा हलका, पोकळ. ह्यांनी भाजली, कुटली, पहिला कोप, म्हणजे पेला हो, सासूला दिला. तिनं घोट घेतला, ह्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, ही तीच काय रे, तू सांगायचंस ती? मग हे प्याले. ना आंबट ना गोड, भिजल्या लाकडासारखी. उठून परसात गेले आणि रडले, मी चुलीकडनं ऐकलं.

पुढं खोडाला कीड लागली, झाडं उभीच वाळली. हे लाजेनं परत मळ्यात गेले, एकटेच. मी लोकांच्या कुळागरात, सुपारीच्या बागेत राबले, पोफळीला पाणी लावलं, शेण ओढलं, सासूचं केलं. तिनं काजूचं नाव कधी काढलं नाही, मोसमात मात्र शेजारणीच्या आवारात काजूचे पडलेले बोंडू वेचत बसायची. सासू वारली तेव्हा ह्यांना निरोप धाडला, येताना रोबस्टाची रोपं घेऊन या, नायतर येव नकात.

आले, रोपं घेऊन आले, पण हात लावला नाही. मी लावली, फणसाच्या सावलीत. तगली हो. दाणा जाडसर, चव कडू, पण भरलेली, तोंडात राहते.

आता ह्यांना नीट ऐकू येत नाही, माझे गुडघे धरलेत, पोरगी म्हापशाला, ती म्हणते झाडं काढून टाक. कोण काढणार? होईल तेवढं खुडते. सकाळी ह्यांच्या हातात कोप देते. तक्रार नाही, कौतुक नाही, वर्षानुवर्षं तसंच. परवा मोठ्यानं विचारलं, कशी झाली? म्हणाले, गरम आसा. एवढंच. मीही आता एवढ्यावरच भागवते. तुम्ही प्या, बाय, निवून जाईल. देव तुमचा बरा करो.