चौकटीतली तिनाची नोट

सन्माननीय अध्यक्षमहोदय, मुख्य कचेरीतून वेळात वेळ काढून आलेल्या विभागप्रमुख बाई, व्यासपीठावरचे आजी-माजी व्यवस्थापक, बँकेतले माझे सहकारी, एवढ्या अगत्याने जमलेले खातेदार, आणि दुसऱ्या रांगेत दाराजवळ मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या आमच्या सौभाग्यवती,

निरोपाला उत्तर म्हणून मी दोन पानं लिहून आणली होती. ती खिशातच राहू देत. कारण अध्यक्षमहोदयांनी आत्ताच जाहीर केलं, की मला निरोप द्यायचाच नाही. आणखी दोन वर्षं मी त्याच रोखपालाच्या खिडकीवर, त्याच जाळीच्या आत बसायचं. जाळीच्या दाराची किल्ली मी मघाशी त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी प्रेमाने पुन्हा माझ्याच खिशात सरकवली. सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. एका व्यक्तीने नाही वाजवल्या. तिच्या पिशवीत उद्या सकाळच्या गाडीची दोन तिकिटं आहेत, मुलीच्या गावाची.

आणि वर ही भेट! काचेच्या चौकटीत तिनाची कोरी नोट, खाली सोनेरी अक्षरांत ‘आमचे तीनवाले’. काल दुपारी शिपाईदादा माझ्याच खिडकीवर आले आणि म्हणाले, “साहेब, एक कोरी तिनाची द्या, मेहुणीच्या मुलीला हवीय.” दादा, मेहुणीच्या मुलीला आमचे आशीर्वाद सांगा!

नव्या मंडळींना सांगायला हवं. सरकारने कधीकाळी कुठल्या तंद्रीत तीन रुपयांची नोट काढली, देव जाणे. नोट खरी, कायदेशीर, पण घ्यायला कुणी राजी नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या तिजोरीत तिच्या दोन पेट्या पडून होत्या. रोज संध्याकाळी त्या मोजल्याशिवाय जाळीचं दार उघडायचं नाही, हा नियम. मी विचार केला, आपणच खर्चून टाकू. सुंठीवाचून खोकला जाईल. म्हणून माझा पगार मी तिनांत घेऊ लागलो.

काय मजा होती म्हणून सांगू! चहावाला नोट उजेडात धरायचा, उलटी करायचा, मालकाला हाक मारायचा. टॅक्सीवाला म्हणायचा, “ही घरी छापता काय?” सलूनवाल्यांना मी पहिली टिप दिली, ती त्यांनी आरशाच्या कोपऱ्यात खोचली आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. जाळीत बसणाऱ्या माणसाकडे कोण बघतं हो? लोकांना फक्त हात दिसतो. पण तिनाची नोट काढली, की लोक माझ्या तोंडाकडे बघायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली.

पण पेट्या काही रिकाम्या होईनात. मी सकाळी दिलेली नोट संध्याकाळी माझ्याच खिडकीत परत! चहावाला भरणा करायला यायचा. एका नोटेच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग होता. ती माझ्याकडे अकरा वेळा आली. ती आली, की मला वाटायचं, हीसुद्धा माझ्यासारखीच, हिलाही बाहेर कुणी ठेवून घेत नाही.

माझी मुलगी झाली, तो निरोप दुपारी बारा वाजता आला. शिपाईदादांनी जाळीतून बोट आत घातलं, मी ते धरून हलवलं, तेवढाच आनंद साजरा झाला. त्या दिवशी नेमकी एक तिनाची नोट दुसरीला चिकटली होती. मोजणी जुळेपर्यंत सहा वाजले. मुलीचं तोंड तिच्या बापाने सगळ्यात शेवटी पाहिलं. सौभाग्यवतींनी ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि मी ते कधी विसरलो नाही.

माझी तीनदा बढती आली. वरच्या मजल्यावर टेबल, शेजारी उघडी खिडकी, खिडकीत चक्क झाड! तिन्ही वेळा खातेदारांचा अर्ज गेला: ‘तीनवाल्यांना हलवू नये, मुलांना गंमत म्हणून त्यांच्याच हातची नोट हवी असते.’ पहिली सही कुणाची? सलूनवाल्यांची. अहो सलूनवाले, मान खाली घालू नका, तुमचा जीव होता माझ्यावर. पण माझ्या हौसेनेच मला आत कोंडलं, हे आज सांगून टाकतो. दर वेळी साहेब विचारायचे, “तुमची हरकत नाही ना?” आणि मी हसून म्हणायचो, “छे, छे!”

घरी मात्र हसू येत नसे. भाजी घेताना सौभाग्यवतींच्या मागे रांग खोळंबायची. त्या एकदा म्हणाल्या, “एकदा तरी साधे पैसे द्या, आणि साध्या माणसासारखे वेळेवर घरी या.” दर वर्षी मी म्हणत आलो, पुढच्या वर्षी.

थांबा हं, या चौकटीच्या मागचे खिळे फार घट्ट ठोकलेत. मघापासून बोलता बोलता मी तेच उपटतोय. निघाला. हा दुसराही निघाला. काच जरा धरता का, बाई? आभारी आहे.

ही चौकट खिडकीवर लावायची असं ठरलंय म्हणे. मंडळी, इतकी वर्षं काचेमागे आणि जाळीमागे मी बसलो. आता हिला तरी कशाला बसवायचं? नोट खर्चायची असते.

अध्यक्षमहोदय, एवढ्या वर्षांत टिप देण्यातलं एक मला पक्कं कळलंय. टिप ठेवली, की माणूस उठतो. पुन्हा खुर्चीवर बसत नाही. तर ही नोट मी आपल्या पाण्याच्या ग्लासाखाली ठेवतो. आणि ही शेजारी किल्ली. या वेळी ती माझ्या खिशात घालू नका. माझी हरकत आहे.

आपण सर्वांनी जीव लावलात, त्याबद्दल मनापासून आभार. कुणाला घाईत नोट कमी दिली असेल, आज शब्द जास्त झाले असतील, तर मोठ्या मनाने पदरात घ्या.

अगं, ऊठ. पिशवी मी घेतो.