नाक राहू दे

"ॲस्पिरिननंच माझा दमा उसळतो, आणि इथं तीच गोळी देणार म्हणे!" दवाखान्याच्या बाकावर शिंपीदादांनी शेजारच्या पोस्टमनला सांगितलं.

"मीही असाच टरकलो होतो. आधी एवढीशी देतात, मग हळूहळू वाढवतात, नजर ठेवून. अंगवळणी पडली की रोज घ्यायची. माझा दमा आवरला, नाक मोकळं झालं, वासही यायला लागला."

"पहिला वास कसला?"

"माझ्याच अत्तराचा! वास येईना म्हणून अर्धी बाटली ओतायचो आणि स्वतःला राजबिंडा समजायचो. बायको कित्येक वर्षं खिडकीशी झोपते. म्हणायची, मला वारा आवडतो."

शिंपीदादांनी आपली बाही नाकाशी नेली; त्यांनाही कसलाच वास येईना.

"आमची ही जेवण दुकानातच पाठवते. म्हणते, तुमचा वेळ वाचतो."

"चला दादा, तुमचा नंबर," सिस्टरनं दारातून हाक मारली.

"सिस्टर, दमा तेवढा बरा करा. नाक राहू दे तसंच."