स्टिकमधला दोष

(रविवारची दुपार. घराची मागची खोली. टेबलावर संगणकाचा मोठा स्क्रीन, त्यावर विमानांच्या लढाईचा खेळ, समोर जुन्या बसच्या ड्रायव्हरची सीट, खाली प्लायवूडवर ठोकलेले दोन पेडल.)

बायको: सापडली. ही घ्या तुमची स्प्रिंग. कपाटाखाली गेली होती. मागच्या रविवारी हरवलेले दोन स्क्रूपण तिथेच बसले होते, गप्पा मारत.

घड्याळजी: दे इकडे. फुंकर मारू नकोस, आत ओल जाते.

बायको: चार महिन्यांत ही काठी तुम्ही किती वेळा उघडलीत?

घड्याळजी: काठी नाही ती. स्टिक. विमान तिच्यावर उडतं.

बायको: बरं, स्टिक. किती वेळा? आपलं लग्न जमवायला एवढ्या बैठका झाल्या नव्हत्या.

घड्याळजी: दोष सापडेपर्यंत उघडायची. पस्तीस वर्षं घड्याळं अशीच दुरुस्त केली मी. स्प्रिंग बदलली, सेन्सर बदलला, वायर बदलली. तरी विमानाचं नाक थरथरतं. म्हणजे अजून काहीतरी राहिलंय.

बायको: जेवण राहिलंय.

घड्याळजी: दोनला उड्डाण आहे. उतरलो की जेवतो.

बायको: खालच्या मजल्यावरची विचारत होती, रविवारी तुमच्याकडे कसली घरघर चालते. म्हटलं, आमचे हे लढाईला जातात. कुठे म्हणाली. म्हटलं, मागच्या खोलीत. जेवायच्या आधी दोन शहरं बेचिराख करतात आणि चहाला परत येतात. तेव्हापासून जिन्यात मला बाजूला होऊन वाट देते.

घड्याळजी: काहीही सांगत असतेस. आम्ही बाँबवाल्या विमानांना सोबत करतो. सांभाळून न्यायचं, सांभाळून आणायचं.

बायको: शाळेची बस.

घड्याळजी: हसू नकोस. आज एकशे त्रेचाळिसावं उड्डाण आहे. आमच्या तुकडीचा नियम आहे, मेला तो मेला. वहीत नावावर रेघ, पुन्हा त्या नावानं उडायचं नाही. नऊ वर्षांत एकशे बेचाळीस वेळा गेलो आणि परत आलो. पहिल्या नावानं उडणारा मी, काटेराव, एकटाच उरलोय.

बायको: आणि तो तुमच्या तुकडीतला मास्तर? थापाड्या?

घड्याळजी: तो अकरा वेळा मेला. सध्या त्याचं नाव थापाड्या बारावा.

थापाड्या: बाराव्याचा नमस्कार. काटेराव, आवाज येतोय?

घड्याळजी: येतोय. स्पीकरवर आहेस, ही इथेच आहे. हेडफोनची वायर कापून स्टिकला लावली.

थापाड्या: नमस्कार वहिनी. पोरांच्या वह्या तपासतोय. डाव्या हातानं वह्या, उजव्या हातानं युद्ध. मागच्या रविवारी ऐन धुमश्चक्रीत एका पोरीला दहापैकी तेरा मार्क दिले. तिचे आईवडील अजून मला फुलं पाठवतात.

बायको: तुम्हाला थापाड्या नाव कुणी ठेवलं हो, मास्तर?

थापाड्या: जळणाऱ्यांनी. काटेराव, चला. मी तुमच्या डावीकडे.

घड्याळजी: निघालो. वर आलो. हे बघ, परत सुरू झालं. बघ ना, नाक बघ.

बायको: बघतेय.

घड्याळजी: कसं करतंय? थंडी भरल्यासारखं. एवढी तासली, पुसली, तेल दिलं. मास्तर, तुझं काय म्हणतंय आज?

थापाड्या: माझं? विचारू नका. नव्या अपडेटपासून सगळ्यांचंच तसं झालंय. काल माझं इतकं थरथरलं की दोन्ही पंखांचे स्क्रू निघाले, खाली एका लोहाराच्या अंगणात पडले, त्यानं त्याचे खिळे केले.

घड्याळजी: ऐकलंस? सगळ्यांचंच होतं. फक्त त्यांना दुरुस्त करता येत नाही, मला येतं. एवढाच फरक.

बायको: हं.

थापाड्या: काटेराव, समोर तीन. वरून येतायत. मधला तुमचा.

घड्याळजी: दिसला. नेमात येतोय. येतोय. थांब जरा, हलू नकोस. अरे, हलू नकोस ना.

बायको: कुणाला सांगताय?

घड्याळजी: मारला. लागली गोळी. धूर निघाला. मास्तर, बघितलंस? किती महिन्यांनी लागली.

थापाड्या: लागली. पण काटेराव, ते माझं शेपूट होतं.

घड्याळजी: काय?

थापाड्या: अर्धं आहे अजून. अर्ध्या शेपटीवर मी पूर्वी तीनदा घरी गेलोय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते तिघे पळाले. वळा घराकडे, मी मागून येतो.

घड्याळजी: तू माझ्या डावीकडे होतास. मी समोरच्यावर नेम धरला होता.

थापाड्या: होतं असं. अपडेट.

घड्याळजी: नऊ वर्षांत मी आपल्या माणसावर गोळी घातली नाही. आता बास. हा लूज कॉन्टॅक्ट आहे, दुसरं काही नाही. अगं, इकडे ये. विमान घराकडे वळलंय, पाच-सात मिनिटं काही करायचं नाही. ह्या सीटवर बस आणि स्टिक धर. मी टेबलामागे जाऊन वायर एकेक हलवतो. जी हलवल्यावर नाक जोरात उडेल, ती खराब.

बायको: मी? मी कधी हात लावलाय का तुमच्या ह्या प्रकाराला?

घड्याळजी: नुसती धरायची आहे. पार्लरमध्ये भुवई कोरताना तू दोऱ्याचं टोक धरतेस तशी. घट्ट नाही, सैल नाही.

बायको: धरली. बरोबर आहे का?

घड्याळजी: मी आता मागे आहे, मला स्क्रीन दिसत नाही. तू सांगत जा. ही काळी वायर हलवतो. उडालं?

बायको: नाही.

घड्याळजी: ही लाल.

बायको: नाही.

घड्याळजी: ही मुळाशी. ओढतोय बघ. आता?

बायको: नाही हो.

घड्याळजी: पण थरथरतंय ना? नेहमीसारखं?

बायको: अं, थोडंसं वाटतंय.

घड्याळजी: थोडंसं म्हणजे? थांब, मीच बघतो.

बायको: कशाला उठताय, मी सांगतेय ना.

घड्याळजी: हे काय?

बायको: काय?

घड्याळजी: सरळ चाललंय.

बायको: वायर बसली असेल जागेवर. तुम्ही ओढलीत ना.

घड्याळजी: सरक. दे मला. हं. थरथरतंय. परत धर तू.

बायको: राहू द्या ना आता. जेवायला वाढते.

घड्याळजी: धर म्हणतो ना.

बायको: धरली.

घड्याळजी: सरळ. पट्टीनं आखल्यासारखं. दे. थरथरतंय. धर.

बायको: किती वेळा करायचं हे?

घड्याळजी: घड्याळात तीनदा तपासतात. दोनदा माणूस चुकतो. तीन झाले.

थापाड्या: काटेराव, माझं इंजिन तापलंय, पण मजा सांगू का, एकदा मी तापल्या इंजिनावर ऑम्लेट...

घड्याळजी: मास्तर, तुझं विमान थरथरतं का?

थापाड्या: उतरल्यावर बोलू.

घड्याळजी: आता बोल.

थापाड्या: नाही थरथरत.

घड्याळजी: कुणाचं थरथरतं?

थापाड्या: कुणाचंच नाही.

घड्याळजी: आणि ते अपडेट?

थापाड्या: ते ढगांचे रंग बदलायला आलं होतं. तुम्ही विचारलंत, माझंच होतंय की सगळ्यांचं. माझ्या तोंडून निघून गेलं, सगळ्यांचं. मग बाकीच्या सहा जणांना फोन करून सांगावं लागलं की काटेरावांनी विचारलं तर हो म्हणा. मुद्दाम विमानं वेडीवाकडी उडवत होते बिचारे. दोघं त्यापायी झाडावर आपटून मेले.

घड्याळजी: माझ्यासाठी?

थापाड्या: रेघ मारून घेतली नावावर. नवीन नावं घेतली.

घड्याळजी: नऊ वर्षांत तुझ्या एकाही गोष्टीवर मी विश्वास ठेवला नाही, मास्तर. ह्या एकाच गोष्टीवर ठेवला.

थापाड्या: माहितीये.

घड्याळजी: आणि तू गं? तू कप अर्धा भरतेस हल्ली. चार महिने अर्धा कप चहा पितोय मी. मला वाटलं, दूध कमी घेतेस.

बायको: भरून दिला की बशीत सांडतो. मग तुम्ही बशीकडे बघत बसता. मला ते बघवत नव्हतं.

घड्याळजी: मला एका शब्दानं विचारायचं तरी.

बायको: काय विचारायचं? तुमचा हात हलतो का? तुम्ही म्हणाला असतात, टेबल हलतं. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा कुणी घातला? तुम्हीच ना?

घड्याळजी: दुकानात लहान घड्याळं घेत नाही मी. बायकांची. बाजूच्या दुकानात पाठवतो. सांगतो, चिमटे बोथट झालेत. तीन चिमटे फेकले.

बायको: माहितीये.

घड्याळजी: कसं माहितीये?

बायको: कचऱ्यातून मी उचलून आणले. पार्लरमध्ये वापरते तिन्ही. उत्तम आहेत. एक केससुद्धा सुटत नाही.

घड्याळजी: म्हणजे चिमटेही चांगले होते.

बायको: अहो, ऐका. मंगळवारी डॉक्टरांकडे नंबर लावलाय. दातांचं सांगून नेणार होते तुम्हाला.

घड्याळजी: दातांचं.

बायको: मला दुसरं सुचलं नाही.

घड्याळजी: म्हणजे मी उघडत होतो ती स्टिक चांगली होती. पहिल्या दिवसापासून. अकरा वेळा चांगली वस्तू उघडली. दुकानात असं कुणी केलं असतं तर मी त्याला पायरी चढू दिली नसती.

थापाड्या: काटेराव, धावपट्टी आली. उतरायला लागा.

घड्याळजी: नाही उतरत. अगं, सोड ती. पडू दे.

बायको: वेड लागलंय का? एकशे त्रेचाळीस आहे ना हे? रेघ पडेल नावावर.

घड्याळजी: पडू दे. कुणाला फसवायचं आता?

बायको: मी नाही सोडत.

घड्याळजी: तुला उतरवता येत नाही.

बायको: म्हणून म्हणतेय, सांगा. मागच्या पाच मिनिटांत मी एकदा तरी वाकडी गेले का? ह्या सीटवर तुम्ही बसा, पाय तुमचे, इंजिन तुमचं. मी स्टुलावर बसून नुसती स्टिक धरते. आणि लवकर, खाली झाडं मोठी व्हायला लागलीत.

थापाड्या: काटेराव, वहिनी बरोबर बोलतायत. मी मागेच आहे.

घड्याळजी: नाक खाली. थोडं. तांदळाच्या दाण्याएवढं.

बायको: एवढं?

घड्याळजी: हो. चाकं खाली केली. इंजिन कमी करतोय. आता हलवू नकोस.

बायको: घसरतंय डावीकडे.

घड्याळजी: ते मी पायानं धरतो. पाय ठीक आहेत माझे. अजून.

थापाड्या: वहिनी, मस्त. थोडं वर. माझं उरलेलं शेपूट आत्ताच गेलं, तुम्ही इकडे लक्ष देऊ नका.

बायको: मास्तर, तुम्ही पडताय का?

थापाड्या: शेतात उतरतोय, जरा जोरात. काटेराव, वहीत तेराव्याची ओळ कोरी ठेवा.

घड्याळजी: मास्तर? मास्तर. गेला.

बायको: जमीन आली, अहो. जमीन.

घड्याळजी: नाक उचल. सावकाश. भुवईतला झोपलेला केस उचलतेस तसं. अजून. धर. धर. टेकलं.

बायको: टेकलं?

घड्याळजी: टेकलं. ब्रेक लावतोय. थांबलं. इतकं हलकं मी कधी उतरवलं नव्हतं.

बायको: इंजिन बंद करा ना मग. अजून हादरतंय.

घड्याळजी: केलंय बंद.

बायको: मग हे काय हलतंय?

घड्याळजी: तुझ्या हातावर माझा हात आहे.

बायको: अं. असू दे.

घड्याळजी: ती वही घे. निळी. पेन त्यातच आहे. माझं अक्षर आता मलाच लागत नाही, तू लिही.

बायको: काय लिहू?

घड्याळजी: एकशे त्रेचाळीस. आजची तारीख. विमान परत आलं.

बायको: विमान परत आलं. पुढचा रकाना पायलटचा आहे. तिथं काटेराव आधीच लिहिलेलं आहे.

घड्याळजी: त्यावर रेघ मार.

बायको: अहो, पण तुम्ही तर परत आलात.

घड्याळजी: मार. तुझी सरळ येईल.