बाईसाहेबांचा हिवाळा

डॉक्टर : तोंड धर हिचं. असं नाही, खालून. आणि जरा गप्प बस, छातीतलं ऐकू येत नाहीये मला.

मुलगी : तूच विचारलंस, काही खाल्लं का म्हणून.

डॉक्टर : तेव्हा विचारत होते, आता ऐकतेय. हं. या बाजूला वळव तिला. अजून थोडी.

मुलगी : काय गं?

डॉक्टर : दोन्ही बाजूंना घरघर आहे. खालपर्यंत. खाणं कधीपासून सोडलंय?

मुलगी : परवा भिजली तेव्हापासून. बर्फासारखा गार पाऊस होता, आणि ही दुपारभर कुरणात. संध्याकाळी बाबा आणायला गेले तर उभ्या जागी थरथरत होती. पण पावसात ती दर हिवाळ्यात असते. आईच्या दुधाच्या गाडीची घोडी होती तेव्हा याहून वाईट हवेत घरोघर फिरलीये. आमच्या या बाईसाहेबांना कधी साधी शिंक आली नाही.

डॉक्टर : तेव्हा अंगावर काय असायचं तिच्या?

मुलगी : काय असणार? स्वतःचे केस. हिवाळ्यात नुसतं अस्वल व्हायचं हिचं. आई म्हणायची, बाईसाहेबांच्या मापाचा कोट कुठल्या दुकानात मिळत नाही, म्हणून त्या घरीच विणतात.

डॉक्टर : आता हात लावून बघ.

मुलगी : मऊ आहे. चकचकीत. बाबा रोज तासभर खरारा करतात ना. रस्त्याने जाणारे थांबून बघतात हिच्याकडे. बाबांना केवढा अभिमान आहे त्याचा.

डॉक्टर : हे उन्हाळ्याचे केस आहेत.

मुलगी : म्हणजे?

डॉक्टर : बाहेर तुमचं गाढव उभं आहे ना, त्याच्याकडे बघ.

मुलगी : शिपाई? त्याचं काय?

डॉक्टर : येताना त्याच्या पोटाखाली हात घातला मी. बोटं दिसेनाशी होतात. कुरण तेच, हवा तीच, पाऊस तोच. त्याच्या अंगावरून पाणी वरच्यावर ओघळून गेलं, आत तो कोरडा. हिचं पाणी थेट कातडीला लागलं.

मुलगी : म्हातारी झाली म्हणून केस आले नसतील.

डॉक्टर : म्हातारे घोडे उलट जास्त केसाळ होतात. हा बल्ब रात्री चालू असतो?

मुलगी : असतो. बाबा इथेच झोपतात. ती खाट त्यांचीच.

डॉक्टर : कधीपासून?

मुलगी : आई गेल्यापासून. उन्हाळा संपत आला होता तेव्हा. घरात झोपायलाच तयार नाहीत. आई गेली तेव्हा खोलीत अंधार होता ना. शेजारी झोपलेले, पण कळलं नाही त्यांना. सकाळी उठून चहा टाकला आणि तिला हाका मारत बसले. इथे बल्ब लावून पडतात. जाग आली की बाईसाहेबांचं पोट हलताना दिसलं पाहिजे. दिसलं की पुन्हा झोप लागते.

डॉक्टर : म्हणजे रात्रभर चालू.

मुलगी : रात्रभर. आधी पिवळा मिणमिणता होता. त्यांना नीट दिसेना, म्हणून मीच हा पांढरा आणून दिला. का गं?

डॉक्टर : काही नाही. इंजेक्शनचा डबा दे तो.

मुलगी : बोल ना. शाळेत बेडूक कापताना रडलीस तेव्हापासून ओळखते तुला. असं तोंड केलंस की काहीतरी असतं.

डॉक्टर : बेडकासाठी नव्हते रडले. वास सहन होत नव्हता. हे बघ, घोड्याच्या अंगाला हिवाळा गारठ्यावरून कळत नाही. गारठा पडल्यावर केस वाढवायला घेतले तर फार उशीर होईल. रात्र मोठी व्हायला लागली, की डोळ्यांवाटे ते आत पोचतं आणि हवा चांगली उबदार असतानाच अंग तयारीला लागतं. बारीक केस झडतात, दाट येतात. पुढे दिवस मोठा झाला की तेही झडतात. सगळं अंधारावर चालतं. हिला या वर्षी अंधार मिळालाच नाही.

मुलगी : म्हणजे हिला वाटलं की...

डॉक्टर : हिला काही वाटलं नाही. हिच्या अंगाच्या लेखी अजून उन्हाळाच आहे.

मुलगी : एका बल्बने?

डॉक्टर : एका बल्बने. प्रदर्शनातल्या घोड्यांना मुद्दाम असा दिवा लावतात, अंग तुकतुकीत राहावं म्हणून. पण मग त्यांना हिवाळाभर कांबळ्यात गुंडाळून ठेवतात. पावसात सोडत नाहीत.

मुलगी : शिपाई उजेडात आत येईचना. बाहेर छपराखाली झोपायचा. बाबा चिडवायचे त्याला, शिपायाला साहेबाचे नखरे म्हणून.

डॉक्टर : म्हणून तो धडधाकट आहे.

मुलगी : बाबांना सांगू नकोस हे.

डॉक्टर : मी जनावरांच्या मालकांशी खोटं बोलत नाही.

मुलगी : खोटं बोल कोण म्हणतंय? गप्प बस म्हणतेय. आईच्या वेळी दिवा नव्हता म्हणून, आणि हिच्या वेळी होता म्हणून? एका माणसाने किती ऐकून घ्यायचं?

डॉक्टर : आणि रोज रात्री दिवा जळतच राहिला तर केस यायचे कसे? कारण न सांगता बंद करतील ते?

मुलगी : बंद केला तर येतील? आज केला तर?

डॉक्टर : महिना-दीड महिना तरी लागतो.

मुलगी : लागू दे. तोवर दोन-दोन कांबळी घालू. स्वयंपाकघरात आणून बांधीन मी तिला. हसू नकोस.

डॉक्टर : हसत नाहीये.

मुलगी : मग सांग बाबांना. ती त्यातून उठणार असेल तर बेधडक सांग. माझ्यावर ढकल, बल्ब हिने आणला म्हण. पण ती जर...

डॉक्टर : इंजेक्शन दिलंय. संध्याकाळी पुन्हा येऊन जाते.

मुलगी : मी ते नाही विचारलं.

डॉक्टर : माहीत आहे.

(दाराशी बादली टेकल्याचा आवाज. बाबा आत येतात.)

बाबा : सरका, सरका. बाईसाहेबांचा नाश्ता आलाय. कोमट पाण्यात कोंडा, वर गाजराचा कीस. गाजर किसताना बोटही किसलंय थोडं, तेवढं सांभाळून घ्या म्हणावं. काय डॉक्टरबाई, ताप उतरला ना?

डॉक्टर : थोडा कमी आहे, काका.

बाबा : मी म्हणतच होतो. अंगावरची चमक बघा हिच्या. आजारी जनावराचं अंग असं असतं का? हिची मालकीण असती तर भर हिवाळ्यात एवढी देखणी बघून तोंडात बोट घातलं असतं तिने. घे गं, चार घास घे. नको? बरं, ओठ तरी ओले कर. शाबास.

मुलगी : बाबा, तुम्ही जरा घरात जाऊन पडा. मी बसते.

बाबा : पडतो, पडतो. एक विचारायचं होतं डॉक्टरबाईंना. हिला झोप पुरत नसेल का हो? मी आपला माझ्या सोयीसाठी रात्रभर उजेड लावून पडतो. तिचा विचारच केला नाही. म्हणत असाल तर आजपासून बंद ठेवतो. माझं काय, पोटावर हात ठेवून बसेन, हलतंय ते हाताला कळतंच की.

मुलगी : बाबा, ते नंतर बघू.

बाबा : तुला नाही विचारलं. शिकलेल्या माणसाला विचारतोय. बोला डॉक्टरबाई, बंद करू?

डॉक्टर : नको, काका.

बाबा : नक्की? उजेडाचा काही त्रास नाही ना?

डॉक्टर : आता नाही होणार. चालू राहू द्या. तुम्हाला दिसत राहील ती.

बाबा : झालं तर मग. दोन दिवस जिवाला नुसता घोर लागला होता. विचारून टाकलं ते बरं केलं. ऐकलंस ना गं?

मुलगी : ऐकलं.

बाबा : मग अशी काय उभी आहेस खांब धरून?

मुलगी : आज मीही इथेच झोपते, बाबा.

बाबा : तू? लहानपणी दाराच्या फटीतून उजेड आला तरी घर डोक्यावर घ्यायचीस. तुला कुठली इथे झोप लागायला.

मुलगी : नाही लागली तर बसून राहीन.